मधल्या पट्टीवरच्या अळ्या

मंगळवार, ५ मार्च

आज सकाळच्या सगळ्या बशा आमच्या बाजूने बोलल्या. एकच धडा, आणि दुसऱ्या दिवशी आठवण शाबूत. फेन्या खुर्चीवरून उठून नाचलीच. मी नाचलो नाही. मला हे आधीपासून ठाऊक होतं.

पद्धत इथे नीट लिहून ठेवतो, कारण फेन्या तिच्या पीएचडीच्या प्रबंधात 'अळ्यांना प्रशिक्षण देण्यात आले' एवढं एक वाक्य लिहील आणि पुढे जाईल. फळमाशीच्या अळ्या, तांदळाच्या दाण्याहून लहान, एका बशीला तीस. खाण्यातून काढून पाण्याच्या थेंबात दोनदा धुवायच्या. मग ओल्या ब्रशने उचलायच्या. ब्रश चित्रकाराचा, पण टोकाला चार-पाच केसच राहतील असा मी स्वतः कातरलेला. चिमट्याने अळी उचलणाऱ्याला मी शेजारी उभा करत नाही. चिमट्याने अळी घाबरते, आणि घाबरलेला विद्यार्थी काही शिकत नाही. एका बशीतल्या जेलीत साखर असते, तिथे केळ्याच्या गोळीसारखा वास ठेवायचा. दुसऱ्या बशीत साखर नाही, तिथे संत्र्याच्या सालीसारखा वास. दोन्हीकडे अळ्या थोडा थोडा वेळ फिरल्या की झाला एक धडा. निम्म्या अळ्यांना बरोबर उलटं शिकवायचं, साखर सालीच्या वासाबरोबर. नाहीतर कुणीही म्हणेल, त्यांना केळं मुळातच आवडत असेल.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. साखर नसलेली कोरी बशी, एका कडेला केळं, समोरच्या कडेला साल, अळ्या मधोमध. तीन मिनिटांनी मोजायचं. आदल्या दिवशी साखर ज्या वासापाशी मिळाली तिकडे जास्त गेल्या, तर धडा लक्षात राहिला. सगळं इतकं सोपं आहे.

बशीच्या मधोमध बोटभर रुंदीची पट्टी आखलेली असते. तिच्यावरच्या अळ्या, नियमाप्रमाणे, कुठल्याच बाजूच्या नाहीत. पण ज्याने हा नियम लिहिला त्याने अळीकडे कधी धड पाहिलेलं नसावं. अळी निघण्याआधी डोकं उचलते, इकडे हुंगते, तिकडे हुंगते. त्या डोक्याच्या कलावरून तिचं मन कुठे गेलंय ते मला कळतं. अंग पट्टीवर असलं तरी ती निघालेली असते. अशा निघालेल्यांना मी त्यांच्या त्यांच्या बाजूला मोजतो. ही नजर अनुभवाने येते. फेन्याला ती आलेली नाही.

नियतकालिकाकडे पाठवलेल्या आमच्या शोधनिबंधावर माझं नाव तिसरं आहे. लोथार क्विलिट्स. आजवर ते आभारात असायचं, सगळ्यात खाली, शीतपेटी दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी.

लेथवर होतो तेव्हा म्हाताऱ्या ओर्टलेबने मला आटे कापायला एकदाच दाखवलं होतं. दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. पुढे कारखाना बंद पडला, आणि कीटक मी वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकलो, स्वयंपाकघराच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवून. कुणी शिकवायला बसलं नव्हतं. एक धडा पुरतो. अळीला का पुरू नये?

गुरुवार, १४ मार्च

कारोला झाबेलशी बागेचं बोललो, बागसंघाकडून भाड्याने घेतलेला माझा तुकडा आहे त्याचं. ती इथे प्रयोगशाळेत फळमाशांसाठी स्वयंपाक करते. मका, यीस्ट आणि काकवी मोठ्या पातेल्यात शिजवून बाटल्यांमध्ये ओतायची. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. जीभ तिखट, पण पातेलं कधी करपलेलं नाही.

मी म्हटलं, "मे महिन्यापासून शनिवार-रविवार माझ्या बागेतच या. झोपडीत चूल आहे, आणि छपराखाली बसलं की एल्बे नदीचा वारा येतो."

"सगळे शनिवार-रविवार?"

"सगळे. उन्हाळाभर."

ती पातेल्यात डाव फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या त्या बागसंघाचे नियम ऐकलेत मी. दुपारी शिंकलं तरी दंड म्हणे."

"शिंकायला परवानगी आहे. गवत कापायला नाही."

हसली. म्हणाली, "बघू, हेर क्विलिट्स." आडनावाआधीचं आदराचं 'हेर' ती कधी गाळत नाही.

म्हणजे झालं. नको असेल तर कारोला तोंडावर सांगते, ते मी रोज ऐकतो. संध्याकाळी जाऊन भिंतीलगतचा वाफा मोकळा केला. तिला डेलिया आवडतात.

सोमवार, १८ मार्च

नियतकालिकाकडून उत्तर आलं. डॉ. रोहवेडरबाईंनी ते आमच्या दोघांसमोर वाचून दाखवलं. बाई या विभागाच्या प्रमुख. वाईट बातमी आणि जेवणाची वेळ त्या एकाच आवाजात सांगतात.

दोन परीक्षकांपैकी एकाला निबंध आवडला. दुसऱ्याने दोन गोष्टी विचारल्या. एक, हॉलंडमधल्या कुणी तरी हाच प्रयोग केला आणि त्यांना एका धड्याची आठवण दुसऱ्या दिवशी मिळाली नाही, त्याचं काय? दोन, अळ्या कुणी मोजल्या, आणि कुठल्या बशीला काय शिकवलंय हे मोजणाऱ्याला माहीत होतं का?

"होतं," मी म्हटलं. "मीच शिकवतो, मीच मोजतो. मला माहीत नसेल तर कुणाला?"

"तेच त्यांचं म्हणणं आहे," बाई म्हणाल्या.

आता बशांवर नुसते आकडे लावायचे आणि ते तिसऱ्याच माणसाने लावायचे. मला न कळू देता. वाढदिवसाला पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात तसं. मी बाईंना विचारलं की मी अळ्या चोरतो असा संशय आहे का. बाई म्हणाल्या, "क्विलिट्स, पद्धत आहे." हॉलंडवाले चिमटे वापरत असणार, हेही मी सांगितलं.

फेन्या मला जिन्यात गाठून म्हणाली, "तुम्ही रागावू नका हो. तुमचा हात बघून त्यांची दातखीळ बसेल. पण मला हे उन्हाळ्याआधी हवंय. बर्गेनच्या विद्यापीठातली माझी जागा या निबंधावरच आहे. मी घरमालकाला खोली सोडतेय म्हणून कळवलंय सुद्धा."

"एवढ्यात?"

"तुमच्या बशा बघूनच कळवलं ना!"

प्रयोगशाळेत सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, डॉ. बाईंनाही. मी कुणाला म्हणत नाही आणि कुणी मला म्हटलेलं चालवून घेत नाही. फेन्याने हे पहिल्या दिवशीच समजून घेतलं. तिच्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायला माझी हरकत नाही.

बुधवार, २७ मार्च

आकडे लावण्याचं काम कारोलाकडे दिलंय, कारण अळ्या जिंकल्या काय आणि हरल्या काय, तिला फरक पडत नाही.

पहिल्या बशा झाल्या. काहीच नाही. इकडे जेवढ्या तेवढ्याच तिकडे. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्यांत फरक दिसत नाही.

जेली नवीन आली आहे, हे मी फेन्याच्या लक्षात आणून दिलं.

मंगळवार, २ एप्रिल

आजही नाही. जेली जुन्या डब्यातली वापरली. खोलीचं तापमान दोनदा पाहिलं. केळ्याच्या वासाची कुपी बदलली. हात वासरहित साबणाने धुतले, ते तर मी नेहमीच धुतो.

उरलं खाणं. कारोलाला विचारलं, काकवी कुठली आहे.

"तीच."

"डबा वेगळा दिसतोय."

"डब्याचं झाकण वेगळं आहे. आधीच्या डब्याचं तुम्ही रंग कालवायला नेलंत."

"यीस्ट?"

तिने डाव ठेवला. "हेर क्विलिट्स, या माशा माझ्या हातचं खाऊन सात वर्षं लठ्ठ होतायत. गेल्या महिन्यापर्यंत तुमच्या अळ्या हुशार होत्या तेव्हा तुम्ही माझ्या काकवीचं कौतुक करायला आला नव्हतात."

खरं आहे. तरी झाकणाचं मनात राहिलंय.

माझी अडचण अशी होते की बशीवर नुसता आकडा असला की मधल्या अळ्यांचं डोकं कुठे कललंय ते मला दिसत नाही. म्हणजे डोकं दिसतं, पण मन कळत नाही. अपमानाने माणसाची नजर बिघडते.

रविवार, ७ एप्रिल

बागेत काल लाजिरवाणा प्रकार झाला. जसा झाला तसा लिहितो.

कारोला केक घेऊन आली होती. झोपडीचं छप्पर मी नव्याने रंगवलंय, ते तिने पाहिलं, छान म्हणाली. तेवढ्यात कुंपणापलीकडून पुशेल, माझा शेजारी, टोपी काढून म्हणाला, "अभिनंदन, फ्राऊ झाबेल! उन्हाळाभर इथेच म्हणे मुक्काम. बरं झालं बाई. आता हा माणूस माझ्या कुंपणाची उंची मोजायला तरी यायचा नाही."

कारोलाने केकची सुरी खाली ठेवली. पुशेल गेल्यावर म्हणाली, "मी कधी हो म्हटलं?"

"'नाही' असं तर म्हटलं नव्हतंत."

"मी काहीच म्हटलं नव्हतं."

"तुम्ही हसलात. 'बघू' म्हणालात. मला माणसाचा कल कळतो."

तेव्हा ती जे बोलली ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. "कल! त्या बशीतल्या मधल्यांचा कळतो तसा? मार्चआधी तुम्ही मोजत होतात ते पाहिलंय मी दारातून. 'ही आपली, हीसुद्धा आपली.' ती बिचारी पट्टीवर बसून विचार करतेय, आणि तुम्ही तिला घरी नेऊन पोचवलंत! मलाही तसंच मोजलंत. माझी बहीण मला रोस्टॉकला बोलावतेय, तुम्हाला माहीत आहे का? विचारलंत कधी?"

मी म्हटलं, मधल्यांना ओळखणारी नजर ही वीस वर्षांच्या सरावाची गोष्ट आहे आणि स्वयंपाकघरातून ती कळणार नाही.

हे म्हणायला नको होतं. ती ट्रामने गेली. केक इथेच राहिला. मी तो खाल्लेला नाही.

सोमवार, ८ एप्रिल

स्वयंपाकघरात जाऊन मीच तिला आव्हान दिलं. रात्रभर विचार करून मुद्दे काढले होते. म्हटलं, "तुम्हाला वाटतं मी मनाने मोजतो. ठीक. आज शिकवतो त्या अळ्यांच्या बशा उद्या तुम्ही मांडा. प्रत्येकीवर स्पष्ट चिठ्ठी लावा, 'केळं शिकलेल्या' की 'साल शिकलेल्या'. वाटलं तर काहींवर मुद्दाम खोटी लावा. मी पूर्वीसारखा मोजतो, मधल्यांसकट. चिठ्ठी खोटी असेल तिथे अळ्याच मला सांगतील, की बाबा, ही चिठ्ठी आमची नाही. मग आपण बोलू."

"नक्की?" ती म्हणाली.

"नक्की."

"फेन्यासमोर की दोघंच?"

मी म्हटलं, दोघंच. तिचा अपमान फेन्यासमोर व्हावा असं मला वाटत नव्हतं.

मंगळवार, ९ एप्रिल

बशा सहा होत्या. मी चार वेळा खोडून पुन्हा लिहितोय. सरळ लिहितो.

तीन बशांवर 'केळं' होतं. तिन्हीत केळ्याकडे जास्त निघाल्या. तीन बशांवर 'साल' होतं. तिन्हीत सालीकडे जास्त. मार्चच्या सुरुवातीला यायचा तसाच सुंदर निकाल. शेवटच्या बशीला मी मान वर करून म्हटलं, "एकही चिठ्ठी खोटी नाही. तुम्हाला फसवणूक जमली नाही, फ्राऊ झाबेल."

तिने हातातला रुमाल घडी करून टेबलावर ठेवला, उलगडला, परत घडी केला.

"बोला की."

"या सगळ्या एकाच बाटलीतल्या आहेत," ती म्हणाली. "सकाळी सरळ खाण्यातून काढलेल्या. यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. ना केळं, ना साल."

मी बशीत पाहिलं. पट्टीवर एक अळी होती, मी सालीच्या बाजूला मोजलेली. ती आता केळ्याकडे डोकं करून होती. मग परत सालीकडे.

कारोला जिंकल्यासारखी दिसली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाली, "बसा. पाणी आणते."

बुधवार, १० एप्रिल

कामावर गेलो नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं.

गप्प राहण्याच्या वाटा मोजल्या. बऱ्याच आहेत. नवे निकाल आले नाहीत त्याचं खापर जेलीवर फोडता येईल. फेन्याला तसं पटलंही आहे, तिने जेलीच्या कंपनीला पत्र लिहायला घेतलंय. परीक्षकाला जुने आकडे आणि जेलीची तक्रार असं एकत्र पाठवलं तर कदाचित चालून जाईल. कारोला बोलणार नाही, तिने तसं सांगितलं. "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली. फेन्या बर्गेनला जाईल. माझं नाव तिसरं राहील.

यात मी खोटं काय बोललो? एकही अळी मी नसलेली मोजली नाही. माझ्या डोळ्यांना ती तिकडे निघालेली दिसत होती. आत्ताही डोळे मिटले की दिसते. हेच मला सहन होत नाही. हातचलाखी केली असती तर ती सोडून तरी देता आली असती.

दुपारी ओर्टलेबची आठवण आली. आटे कापायला एकदाच दाखवलं असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आज विचार केला तेव्हा आठवलं, त्या महिन्यात मी खराब केलेले नट पेटीभर निघाले होते आणि ते म्हातारा काही न बोलता भंगारात टाकून यायचा. एकदाच दाखवलं हे खरं. एकदाच पुरलं हे नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

दर गुरुवारी विभागाची बैठक असते, कॉफी आणि बिस्किटं. मी बैठकीच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. फक्त डॉ. बाई आणि फेन्या. उभा राहूनच बोललो. कारोलाच्या सहा बशांबद्दल सांगितलं, माझ्या मधल्यांबद्दल सांगितलं.

फेन्याने पहिल्यांदा एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या बशीपासून."

"म्हणजे सगळं? तीन वर्षांचं सगळं?"

"एका धड्याचं सगळं. दोन आणि तीन धड्यांच्या अळ्या तुम्ही मोजल्या होत्यात. ते ठीक असावं."

"ठीक असावं!" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "क्विलिट्स, मी तुमच्या शेजारी बसून लिहून घेत होते. तुम्ही 'ही आपली' म्हणायचात आणि मी लिहायचे. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. कारण मला आपलीच हवी होती." मग तिचा आवाज चढला. "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलंही नसतं! आता मला तुमचा इतका राग येतोय, आणि गप्प बसला असतात तर तो... तो कसला आला असता तेही मला माहीत नाही!"

ती दार आपटून गेली. दाराला आपटबंद बसवलेला आहे, मीच बसवला होता, त्यामुळे ते सावकाश बंद झालं.

मी डॉ. बाईंना म्हटलं, माझं नाव काढा, आणि हवं असेल तर मलाही काढा.

बाईंनी बिस्किटाचा तुकडा तोडला आणि तसाच ठेवला. म्हणाल्या, "आकडे लावून मोजायचं हा तुमच्यावरचा अविश्वास नाही, हे मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. उद्या मी मोजायला बसले तर मलाही सगळ्या माझ्याच बाजूला दिसतील. मी हे तीन वर्षांपूर्वीच करायला लावायला हवं होतं. नाही लावलं, कारण तुमचे निकाल फार देखणे होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "निबंध परत घेतेय. तुम्ही सोमवारी या. हात तुमच्याइतका हलका इथे कुणाचाच नाही, आणि शिकवायला हातच लागतो. मोजायचं दुसरं कुणीतरी बघेल."

घरी येताना दोन थांबे आधी उतरून चाललो.

मंगळवार, २३ एप्रिल

ईस्टरची सुटी संपली. फेन्याने बर्गेनला स्वतःच सगळं कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं. सभ्य उत्तर आहे म्हणे. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली.

हे तिने बशा विसळता विसळता सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. मी पुसायचं फडकं घेतलं आणि ती विसळेल ती बशी पुसू लागलो. बराच वेळ असं चाललं. मग ती म्हणाली, "घरमालक खोली परत द्यायला तयार आहे. भाडं वाढवून. हरामखोर."

"प्रयोगांची नवी मालिका कधी सुरू करायची?" मी विचारलं.

"तुम्ही एवढ्या चकचकीत पुसल्यात, तर उद्याच करू."

शुक्रवार, ३ मे

मी शिकवतो. कारोला आकडे लावते. फेन्या मोजते, आणि तिलाही कुठली बशी कुठली ते माहीत नसतं. पट्टीवरच्यांचा तिसरा रकाना केलाय. मी मोजणीच्या वेळी खोलीत थांबत नाही. थांबलो तर माझ्या श्वासावरून फेन्याला कळेल असं कारोलाचं म्हणणं आहे. "तुम्ही इंजिनासारखे उसासे टाकता."

बागेचं मी तिला पुन्हा विचारलेलं नाही. ती एका शनिवारी आली, पुढच्या शनिवारी आली नाही. रोस्टॉकच्या बहिणीबद्दल मात्र विचारलं. बहीण एकटी आहे, गुडघे दुखतात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर राहते, आणि स्वभाव कारोलापेक्षाही तिखट आहे. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकलं. यावरून कारोला काय करील हे मला सांगता येत नाही.

वाफा मोकळाच आहे.

गुरुवार, २३ मे

मालिका संपली. आज उलगडा. कारोलाने कुठला आकडा कुठल्या बशीचा ते वाचून दाखवलं, फेन्याने फळ्यावर लिहिलं, डॉ. बाई मागे उभ्या होत्या.

दोन धडे दिलेल्यांना दुसऱ्या दिवशी आठवत होतं. फरक जुन्या निकालांइतका नव्हता, पण होता. एक धडा दिलेल्यांना आठवत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्याच. हॉलंडवाल्यांचं बरोबर होतं, चिमटे असोत वा नसोत.

मला वाटलं होतं त्यापेक्षा मनाला कमी लागलं.

मग फेन्या फळ्यासमोर तशीच उभी राहिली. "थांबा," ती म्हणाली. "तिसरा रकाना बघा. पट्टीवरच्या. न शिकवलेल्या बघा आणि एक धडावाल्या बघा. एक धडावाल्या जास्त थांबल्यायत! क्विलिट्स, बघा ना! त्यांना काहीतरी आठवतंय, पण जावं की नाही ते ठरत नाहीये! तुम्ही ज्यांना वाटून टाकत होतात ना, त्याच! तिथेच होतं सगळं!"

मी ते तिच्या आधी पाहिलं होतं. फळ्यावर शेवटचा आकडा पडला तेव्हाच. माझे कान गरम झाले होते, आणि 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. त्या पट्टीवरच्या अळ्या मी वीस वर्षं पाहत आलोय. त्या थांबतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालतं हे मला ठाऊक आहे असं, आत्ता लिहितानाही, वाटतं.

मी विचारलं, "तुम्हाला हे खरं व्हावंसं वाटतंय का?"

"अर्थात वाटतंय!"

"मलाही. म्हणजे हे आपण दोघांनी मोजायचं नाही."

फेन्याचा चेहरा पडला. डॉ. बाई खिडकीबाहेर पाहत हसल्या. फळ्यावरचा फरक लहान होता, इतक्या बशांत असा फरक आपोआपही पडू शकतो, हे त्यांनी मग सांगितलं. नव्याने सगळं करावं लागेल, याच्या तिप्पट.

"मग मोजायचं कुणी?" फेन्या म्हणाली.

कारोलाने एप्रनला हात पुसले. "म्हणजे मी. वाटलंच. मला वेगळा चष्मा लागेल, आणि मी मोजत असताना माशांचं पातेलं कुणीतरी ढवळायचं."

मंगळवार, ४ जून

पहिली बशी आज. आकडे यावेळी डॉ. बाईंनी लावले. पातेलं मी ढवळलं. करपलं नाही, पण तळाला जरा लागलं, ते कारोलाने वासावरून ओळखलं.

ती नवा चष्मा लावून बसली आणि मला म्हणाली, पहिल्या दिवशी खोलीत थांबा, काही अडलं तर विचारता येईल. फक्त बशीकडे बघायचं नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. खाली अंगणात कुणीतरी सायकलला हवा भरत होतं.

मागे ती हळू आवाजात मोजत होती. फेन्यासारखं झरझर नाही. प्रत्येक अळीला ती वेळ देते. एका अळीपाशी थांबली. बराच वेळ थांबली. खुर्ची करकरली, म्हणजे वाकून बघत असणार. मला सांगावंसं वाटलं की डोकं बघा, कुठे कललंय ते बघा. दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर ठेवले. सायकलवाल्याची हवा भरून झाली, तो निघून गेला.

"मधे," कारोला म्हणाली, आणि पुढच्या अळीकडे गेली.